तडजोड कुणाच्या मर्जीची?

दादाजी भिकाजी यांनी 1884 साली रखमाबाईंवर मुंबई हायकोर्टात दावा लावला. लग्न लहानपणीच झाले आहे, आता बायकोने नांदायला यावे, एवढीच त्यांची मागणी. 1885 चा पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण अपिलानंतर चित्र पालटले आणि 1887 मध्ये हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली, नांदायची नाही. हुकमाने न मिटलेला वाद 1888 मध्ये समझोत्याने मिटला. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकमाची बजावणी सोडून दिली. रखमाबाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. त्या ठामपणे ‘नाही’ म्हणाल्या नसत्या, तर समझोत्याची वेळच आली नसती. ज्याला नकार देता येतो त्याच्याशीच खरी तडजोड होते, हे मला आज मांडायचे आहे.

आपल्याकडे संसार मोडायला आला की भावकी बसते, पंच बसतात, मुलीला समजावून परत धाडतात, किंवा स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतात. जिथे काडीमोडीची रूढी सिद्ध करता येत नाही, तिथे हिंदू विवाह कायद्यापुढे त्या कागदाला किंमत नाही, आणि दुसरे लग्न झाल्यावर हे कळले तर फार उशीर झालेला असतो. मध्यस्थीची रीत निराळी आहे. मध्यस्थ निकाल देत नाही. तिथले बोलणे गुप्त राहते, दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा यांवर एकमत झाले की अटी लिहून न्यायालयापुढे ठेवायच्या आणि परस्परसंमतीने घटस्फोट मागायचा. त्यासाठीची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले. अमेरिकेत मिनेसोटाचे वकील स्टू वेब यांनी 1990 मध्ये आणखी पुढची वाट काढली: बोलणी फिसकटली तर त्याच वकिलांनी तो खटला लढवायचा नाही. वकिलाचा सगळा जोर मग मिटवण्याकडेच लागतो.

मुलांच्या बाबतीत तर मला दुसरा मार्ग दिसत नाही. पाच वर्षांखालील मूल सहसा आईकडे असावे, मुलाचे हित सर्वोच्च मानावे, असे कायदा सांगतो. पण दिवाळीतले कोणते दिवस कुणाकडे, शाळेची फी कोण भरणार, आजीला भेटायला कधी न्यायचे, हे आईबापांनीच समोरासमोर बसून ठरवले तर टिकते. मूल वाढते, गरजा बदलतात, त्यामुळे ताब्याचा हुकूमही पुढे बदलता येतो. भांडून मिळवलेला हुकूम मात्र दर बदलाला नवे भांडण मागतो.

आक्षेप असा येतो की मार खाणाऱ्या बाईला मिटवायला सांगणे म्हणजे पुन्हा त्याच घरात ढकलणे. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो पूर्ण मान्य करतो. आपल्याच करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1919 मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, तो बैठकीच्या भरवशावर त्यांना सोडता येत नव्हते म्हणूनच. जिथे भीती आहे तिथे आधी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण, बोलणी नंतर, आणि तीही तिने मागितली तरच. दुसरा आक्षेप, कोर्टाबाहेरचा शब्द कोण पाळणार? म्हणूनच अटींवर न्यायालयाची मोहोर हवी. ती असली की पोटगी थकवणाऱ्यावर वसुली लावता येते.

1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो. बिद्रीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे, बैठक बसवण्याआधी मुलीला तो वकील गाठून द्या, आणि तिने कागद वाचल्याशिवाय तिची सही घेऊ नका.