थंडीतील वासरू

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर हिंदूराव रुग्णालय आहे. ज्यांच्या वाड्यावरून हे नाव आले ते हिंदूराव घाटगे कागलचे, बायजाबाई शिंदे यांचे बंधू. कागलकरांना येथला पहिला पौष कसा वाटला असेल, हे आम्हां दिल्लीकर मराठी माणसांना सांगावयास नको. आपण लोकरीचे कपडे काढतो. गोठ्यातल्या वासराचे काय?

गोठ्यात शिरताच आपली नजर गाईकडे जाते. ती निवांत रवंथ करीत असते. मालक म्हणतो, जनावराला थंडी कसली! गाईपुरते हे खरे आहे. तिच्या पोटात चारा आंबत असतो व ती ऊब तिला पुरते. वासराच्या पोटातली ही शेगडी अजून पेटलेलीच नसते. हवा सुमारे १५ अंशांखाली गेली की नवजात वासराला ऊब राखण्यासाठी अंगातली शक्ती खर्चावी लागते. दिल्लीत जानेवारीतील बहुतेक रात्री याहून कितीतरी थंड असतात.

म्हणून दूध वाढवावे, आणि अंथरूण कोरडे ठेवावे. त्यात आपण गुडघे टेकून पाहावे. धोतर ओले झाले तर वासरूही रात्रभर ओल्यात निजले असे समजावे. बसल्यावर त्याचे पाय झाकले जातील इतका पेंढा हवा. वासराच्या उंचीला झोंबणारा वारा तट्ट्याने अडवावा, पण वरची झरोकी बुजवू नयेत. कोंडलेल्या गोठ्यात मुताचा उग्र दर्प साचतो, डोळे चुरचुरतात, आणि वासराची छाती भरते. थंडीच्या धास्तीने केलेला हा बंदोबस्त थंडीहून घातक ठरतो.

आता चिकाविषयी. आपल्याला खरवस प्रिय आहे, मलाही आहे. परंतु गाईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून वासराला मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. ती शोषून घेण्याची आतड्याची शक्ती तासातासाने घटते व सुमारे २४ तासांत संपते. वजनाच्या दशांशाइतका चीक, त्यातला बराचसा पहिल्या काही तासांतच, पोटात गेला पाहिजे. खरवस उरलेल्याचा करावा.

यात सर्वांत उपेक्षित म्हशीचा नर रेडकू. म्हैस पान्हवण्यापुरता त्याला सोडतात, लगेच ओढून बांधतात. तेही बहुधा दाराजवळच्या ओल्या कोपऱ्यात. त्याच्या अंगावर गोणपाटाची झूल घालावी. दवाने ती भिजते. सकाळी काढून उन्हात टाकावी, आणि रात्रीसाठी दुसरी कोरडी ठेवावी.