आपले धान्य आपल्याबरोबर



दिवाळी झाली की आपल्या मुखेड, कंधार, जळकोट भागातली कितीतरी घरे बंद होतात. कुणी ऊसतोडीला जातो, कुणी पुण्याला, कुणी हैदराबादेला. कडी लावताना घरधनीण विचारते, "अहो, रेशनचं काय?" पूर्वी उत्तर एकच होते, "ते गावालाच राहिलं." कार्ड पेटीत आणि पोट परमुलखात!

आता तसे नाही. कसे ते पाहू.

26 जानेवारी 1950 पासून आपल्या देशात राज्यघटना लागू आहे. तिचे कलम 19 सांगते, भारतात कुठेही राहा. कलम 21 जगण्याचा हक्क देते. कलम 47 म्हणते, लोकांचे पोषण सुधारणे हे सरकारचे कर्तव्य आहे. मग गाव सुटले म्हणून घास का सुटावा?

2013 साली अन्नसुरक्षा कायदा झाला. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो मिळते. 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे. 2019 साली 'एक देश, एक रेशनकार्ड' योजना सुरू झाली. 29 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सर्व राज्यांना लागू करायला सांगितली.

म्हणून परगावी असाल तर जवळच्या रेशन दुकानात जा. कार्डाचा नंबर सांगा, यंत्रावर बोट ठेवा. आपला वाटा तिथे घ्या. म्हातारीचा वाटा ती गावी घेईल. मात्र निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाचे आधार कार्डाला जोडले आहे ना, हे पाहून घ्या.

पण सगळ्याच योजना माणसाबरोबर चालत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेला महाराष्ट्रातला 15 वर्षांचा रहिवास लागतो. बिदरकडची लेक उदगीरला सून म्हणून आली आणि तिच्यावर वाईट वेळ आली, तर तिलाही रहिवासाचा पुरावा मागतील. म्हणून रेशनकार्ड, शाळेचा दाखला, मतदार यादीतले नाव हे सगळे जपा. कागद हरवला की हक्क असूनही हेलपाटे पडतात.

शेवटी एक गोष्ट. आपण परगावी जातो, तसे परराज्यातले मजूरही आपल्या गावी येतात. ते रेशनच्या रांगेत दिसले तर "हा कुठला?" म्हणून हिणवू नका. जो हक्क आपला, तोच त्यांचा.

आपण वाचायला शिकलो, ते कशासाठी? आज घरी जाऊन आपले कार्ड आपणच वाचू या. नावे बरोबर आहेत का, ते पाहू या.