काटा कधी हलतो?
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, तीर्थपुरी)

तीर्थपुरीत 'काटा' म्हटलं की आधी आठवतो तो वजनकाटा. अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्याचं 'सागर' हे युनिट तीर्थपुरीचंच. हंगाम सुरू झाला की बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक उसानं लादून रांगेला लागतात. मालकाचं, मुकादमाचं, शेतकऱ्याचं लक्ष त्या वजनकाट्यावर. ट्रकच्या चालकाला मात्र आणखी एका काट्याकडे बघावं लागतं. तो असतो स्टिअरिंगच्या मागे, रुपयाएवढ्या काचेत, आणि इंजिनातलं पाणी किती तापलं ते सांगतो. जुन्या ट्रकमध्ये हा काटा एका जागी राहत नाही. रांगेत चढतो, रस्त्याला लागला की उतरतो, कधी खड्ड्यात चाक गेलं की एकदम लाल पट्टीला जाऊन परत येतो. व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे.

जुना ट्रक म्हणजे कुठला? 1954 साली टाटांची टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांच्या करारातून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. 1969 मध्ये तो करार संपला, बोनेटवरची तीन टोकांची चांदणी गेली आणि टाटांचं स्वतःचं अक्षर आलं. पुढे 1986 मध्ये पुण्याहून 407 आली. या गाड्यांच्या इंजिनांची नावं नीट वाचली तर तीच ओळखपत्रं आहेत: 497 म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर, 697 म्हणजे सहा सिलिंडर, व्यास तोच. साधी, जाड बिडाची, कुठल्याही गावच्या मिस्त्रीला उघडता येणारी इंजिनं. म्हणूनच ती अजून ऊस ओढताना दिसतात, आणि म्हणूनच त्यांच्या तक्रारी कानानं, हातानं, डोळ्यानं सोडवता येतात. संगणक लावून बिघाडाचा आकडा वाचायची सोय त्यांच्यात नाही.

गॅरेजात संवाद साधारण असा होतो.

"मिस्त्री, काटा लई वर-खाली व्हायलाय. थर्मोस्टॅट टाकून द्या नवा."

"टाकू. पण आधी सांगा, कधी व्हायलाय? उभ्या गाडीला का चालत्या? आणि किती टायमात वर जातो?"

मिस्त्रीच्या या प्रश्नांत अर्धं निदान आहे. थर्मोस्टॅट, सेन्सर, वॉटर बॉडी (म्हणजे पाण्याचा पंप), रेडिएटर असे एकेक भाग बदलत जाणारा मालक शेवटी हजारो रुपये घालून सैल वायरीपाशी येऊन पोचतो. काटा किती हलतो यापेक्षा कधी आणि किती वेगानं हलतो हे आधी पाहायला हवं.

वेगाचा हिशेब शाळेतलाच आहे. इंजिन आणि रेडिएटर मिळून वीस लिटर पाणी धरू. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला 4.2 किलोजूल लागतात. म्हणजे वीस लिटर तीस अंशांनी तापवायला सुमारे 2500 किलोजूल. पूर्ण ताकदीनं चढ ओढणाऱ्या शंभर अश्वशक्तीच्या इंजिनाकडून पाण्यात सेकंदाला साधारण 70 किलोजूल उष्णता येते. पंखा, रेडिएटर सगळं बंद पडलं आणि बिडाच्या वजनाचा हिशेबच सोडला, तरी सगळं पाणी 70 अंशांवरून 100 वर जायला अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ लागतो. बिडाचं वजन धरलं तर आणखी कितीतरी जास्त. मग खड्ड्यात चाक आदळल्यावर एका सेकंदात लाल पट्टीला गेलेला काटा पाण्याबद्दल काहीही सांगत नसतो. तो वायरीबद्दल सांगत असतो.

तेव्हा पहिली तपासणी विजेची, आणि ती फुकटची आहे. इंजिनाच्या डोक्याजवळ, थर्मोस्टॅटच्या घराशेजारी, सेन्सर बसवलेला असतो. जसजसं पाणी तापतं तसतसा त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि काटा चढतो. एका वायरीचा सेन्सर असेल तर ती काढून मोकळी धरायची. काटा थंडाकडे पडायला हवा. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवायची. काटा पूर्ण गरमाकडे जायला हवा. दोन्ही वेळा काटा नीट हलला तर मीटर आणि वायर बरी आहे, संशय सेन्सरवर. हेडलाइट लावल्यावर किंवा साइड इंडिकेटरच्या प्रत्येक लुकलुकीबरोबर काटा हलत असेल तर अर्थिंग खराब आहे: बॅटरी, चेसिस, इंजिन आणि डॅशबोर्ड यांना जोडणाऱ्या पट्ट्यांपैकी एखादी गंजलेली. आणि डिझेलचा काटाही याच काट्यासोबत वर-खाली होत असेल तर पाण्याचा विषय तिथेच मिटवावा. अनेक जुन्या गाड्यांत दोन्ही मीटरांना एकाच छोट्या डबीतून ठरावीक दाबाची वीज मिळते. ती डबी बिघडली की दोघं एकदम भरकटतात.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा. गळती नको म्हणून सेन्सरच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉनची टेप गुंडाळतात. एका वायरीच्या सेन्सरला परतीची वाट त्या आट्यांतूनच असते. टेप जाड झाली की ती वाट अर्धवट तुटते आणि कालपर्यंत बरा असलेला काटा आज खोटं दाखवायला लागतो.

फार जुन्या काही गाड्यांत विजेचा संबंधच नसतो. सेन्सरच्या जागी द्रव भरलेला बल्ब, तिथून डॅशबोर्डपर्यंत केसासारखी पोकळ तांब्याची नळी, आणि मीटरमध्ये वाकवलेली चपटी नळी, जी दाब वाढला की सरळ होऊ पाहते. ही युक्ती पॅरिसच्या यूजेन बूर्दाँची, 1849 ची. अशी नळी कुठे मुरगळली की मीटरच बदलावं लागतं.

आता खऱ्या तापमानाकडे. काटा तीन-चार मिनिटांच्या सावकाश लयीत चढतो, लाल पट्टीच्या जवळ जातो, मग झर्रकन उतरतो, पुन्हा चढू लागतो. आणि हे थंडीतल्या पहाटे जास्त दिसतं. ही लय अडकणाऱ्या थर्मोस्टॅटची. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार. त्याच्या पितळी डबीत मेण असतं. ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगतं आणि दार ढकलतं. 1930 च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यानं ही मेणाची रीत काढली, ती आजही चालू आहे. दार गंजानं धरलं की वेळेवर उघडत नाही. इंजिनातलं पाणी तापत राहतं. मग दार एकदम सुटतं, रेडिएटरमधलं गार पाणी आत घुसतं, काटा पडतो, दार पुन्हा मिटतं.

याची परीक्षा घरच्या चुलीवर होते. पातेल्यात पाणी घ्यावं, थर्मोस्टॅट दोऱ्यानं मध्यावर लोंबत ठेवावा, तळाला टेकू देऊ नये. दोऱ्याचं टोक त्याच्या दारातच चिमटीत धरायचं. दार उघडलं की तो सुटून खाली पडतो. शेजारी थर्मामीटर. अंगावर 82 कोरलेलं असेल तर 82 अंशांच्या आसपास दार किलकिलं व्हायला हवं आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडायला हवं, झटका न देता. मग पातेलं उतरवून पाणी निवताना दार मिटतं का तेही बघावं. ही दुसरी अर्धी परीक्षा बहुतेक जण सोडून देतात. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्यात सगळं दिसतं.

हे न करता थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, असा रिवाज मराठवाड्यात पक्का रुजला आहे. "आपल्याकडं उन्हाळा कडक, कशाला पाहिजे ते?" हा रिवाज मोडायला हवा, असं कळकळीनं सांगावंसं वाटतं. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडीत कामाच्या तापमानाला पोचत नाही. डिझेल नीट जळत नाही, लायनर आणि रिंगा झिजतात, ऑइल काळं पडतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतं, आणि गार ठेवायला केलेल्या उपायानं गाडी जास्त तापते.

वेगाच्या हिशेबाला एक अपवाद आहे, आणि जीवघेणाही तोच. पाणी कमी झालं किंवा आत हवा राहिली तर सेन्सरपाशी कधी पाणी, कधी वाफ, कधी कोरडी हवा येते. काटा काही सेकंदांत चढतो आणि उतरतोही. पाणी सेन्सरच्या खाली गेलं तर काटा चक्क खाली बसू शकतो, कारण हवा पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही. चालकाला वाटतं, गाडी थंड झाली. तो एक्सिलेटर दाबतो आणि दोन किलोमीटरवर हेड वाकतं. अमेरिकेत 1912 च्या सुमारास बॉइस मोटोमीटर नावाचं यंत्र रेडिएटरच्या झाकणावर बसवत. त्याचा बल्ब मुद्दाम पाण्याच्या वर, वाफेच्या जागेत ठेवलेला असे. आपला सेन्सर तसा नाही. त्याला पाण्यात बुडालेलंच राहायला हवं. चढावर ओझं ओढताना काटा विनाकारण खाली आला तर गाडी बाजूला घ्यावी. झाकणाला तासभर हात लावू नये, कारण दाबाखालचं पाणी झाकण सैल होताच वाफ होऊन तोंडावर उसळतं. आणि रटरटत्या इंजिनात बादलीभर गार पाणी ओतू नये, बीड तडकतं.

ते झाकणही तपासण्यासारखं. मराठवाड्याच्या पठारावर उघडं पाणी 100 अंशांच्या थोडं आधीच उकळतं. झाकणाच्या स्प्रिंगनं अर्धा बार दाब धरला तर तेच पाणी सुमारे 110 अंशांपर्यंत शांत राहतं. स्प्रिंग ढिली किंवा रबर फाटलेलं असेल तर गाडी पाणी फेकते, पातळी उतरते, हवा शिरते आणि काटा नाचू लागतो.

उभ्या रांगेत चढणारा आणि रस्त्याला लागल्यावर उतरणारा काटा वाऱ्याकडे बोट दाखवतो: सैल पट्टा, तुटलेलं पंख्याचं पातं, पंख्याभोवतीचं निखळलेलं कवच. अंगठ्यानं दाबून पट्टा बोटभरापेक्षा जास्त खाली जाऊ नये. उलट, ओझ्यानं वेगात असताना चढणारा काटा म्हणजे पाण्याचा प्रवाह कमी. वॉटर बॉडीची पाती झिजलेली, किंवा खालचा होज पाइप पंपाच्या ओढीनं आत पिचकतोय. हा पाइप उभ्या गाडीत टम्म दिसतो. कोणीतरी एक्सिलेटर दाबल्यावर वाकून बघावं, तेव्हाच कळतं.

उसाच्या गाडीचा खास रोग बाहेरून येतो. पाचटाचे तुकडे, धूळ आणि गळलेलं ऑइल मिळून जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. जाळी इंजिनाच्या बाजूनं पुढे, म्हणजे उलट्या दिशेनं, हलक्या दाबाच्या पाण्यानं धुवावी. वाहन धुण्याच्या जोरकस पंपानं पातळ पत्रे आडवे होतात. आतून मात्र आपल्याच पाण्याचा त्रास आहे. बोअरचं जड पाणी तापलं की क्षार सोडतं, चहाच्या पातेल्याला बसतो तसाच थर. एक मिलिमीटरचा थर उष्णता अडवण्यात दोन-तीन सेंटिमीटर बिडाइतका भारी पडतो. रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून, रेडिएटर मोकळा करता येतो. इंजिनाच्या पोटातला थर सहज निघत नाही. म्हणून शुद्ध केलेलं पाणी आणि ठरल्या प्रमाणात कूलंट.

सगळं बरोबर असूनही काटा हलत असेल तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू करावी. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते थांबले नाहीत, एक्सिलेटरबरोबर वाढले आणि पाण्याला धुराचा वास आला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. मग हेड उतरवण्यावाचून इलाज नाही.

शेवटची परीक्षा डॅशबोर्डवर विश्वास न ठेवता करायची. उष्णता मोजायची बंदूक आता बऱ्याच गॅरेजांत आहे. थर्मोस्टॅटच्या चकचकीत घरावर ती रोखली तर आकडा कमी येतो. तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवावा आणि त्यावर नेम धरावा. एक आकडा थर्मोस्टॅटपाशी, एक रेडिएटरच्या वरच्या टाकीला, एक खालच्या. हेच तीन आकडे सकाळी रिकाम्या गाडीचे आणि दुपारी रांगेतल्या भरल्या गाडीचे घ्यावेत, सोबत काटा कुठे होता ते. डिझेलच्या हिशेबाची वही चालकाच्या डोक्यावरच्या कप्प्यात असतेच. तिच्या मागच्या पानावर ही नोंद आठवडाभर ठेवली, की मिस्त्रीच्या हातात पाना देण्याआधी ती वही द्यायची.