पेणचा बाप्पा परदेशी निघतो तेव्हा

पेणच्या गणेशमूर्ती न्हावाशेवा बंदरातून परदेशी रवाना होतात. मोठ्या मूर्तीचं भाडं नुसत्या वजनावर ठरत नाही. ती जागा किती अडवते, हेही पाहतात. समजा, पेटी एक मीटर लांब, एक मीटर रुंद, दीड मीटर उंच आणि वजन भरलं १२० किलो. विमानाने पाठवली, तर साधारणपणे ६,००० घनसेंटिमीटरला एक किलो धरतात. म्हणजे पैसे मोजायचे २५० किलोंचे! जहाजाला हिशेब घनमीटरचा आणि ते बरंच स्वस्त. पण मग बाप्पांना गणेशोत्सवाच्या कितीतरी आधी निघावं लागतं.

पेटीचं लाकूडही कुठलंही चालत नाही. ते सहसा गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून त्यावर तसा शिक्का मारावा लागतो. शिवाय हमाली, बंदरातले आकार, पलीकडची जकात. नुसतं भाडं स्वस्त दिसलं म्हणून भुलू नका, घरपोच दर विचारा. विम्यात तर काटकसर नकोच. पेटी भरताना फोटो काढून ठेवा. आणि माल हाती आल्यावर तडा दिसला, तर पोचपावतीवर तसं लिहिल्याशिवाय सही करू नका.