चार्जिंगची केबल आणि बँकेतलं पेन

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सचिव मला म्हणाले, "काका, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा." आठवणी पुष्कळ आहेत. टँकर आला की बादल्या घेऊन धावणारे आपण, जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्यात गेलं तेव्हा तळमजल्यावरच्यांना आपापल्या घरी घेऊन जाणारे आपण. पण त्या आठवणी इतर वक्ते सांगतीलच. मी आज एका मोडक्या यंत्राबद्दल बोलणार आहे.

गेल्या गणपतीत पुण्याहून लेक-जावई आले. जावयांची गाडी इलेक्ट्रिक. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून इथे पोहोचेपर्यंत बॅटरी १४ टक्क्यांवर आलेली. जेवणं झाल्यावर आम्ही दोघे जवळच्या सार्वजनिक चार्जिंग पॉइंटवर गेलो. तिथे दोन गन. एकीची केबल कापून नेलेली, नुसतं थोटूक लोंबत होतं. दुसऱ्या बाजूचा स्क्रीन दगडाने फोडलेला आणि फटीत गुटख्याची रिकामी पुडी. शेवटी रात्री अकराला सचिवांना उठवलं आणि पंपरूमच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी रात्रभर लावली. युनिटचे पैसे सकाळी भरले, पावतीही घेतली. जुनी सवय!

परत येताना जावयांनी विचारलं, "बाबा, हा पॉइंट कधीपासून मोडलाय?" मी म्हटलं, "झाले असतील तीन-चार महिने." "मग कोणी कळवलं नाही?" मी गप्प बसलो. कारण रोज सकाळी मी त्याच रस्त्याने फिरायला जातो. आधी केबल गेली, मग स्क्रीन फुटला, मग पुड्या आल्या, हे सगळं मी टप्प्याटप्प्याने पाहिलं होतं. यंत्रावर तक्रारीचा नंबर छापलेला होता. एक फोन केला नाही. माझी गाडी नव्हती ना!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत एका मोठ्या चार्जिंग कंपनीच्या २०२३ या पूर्ण वर्षात १२५ केबल कापल्या गेल्या, आणि २०२४ च्या पहिल्या पाच महिन्यांतच १२९. कारण आत तांबं असतं. भंगारात चोराला त्याचे थोडेसे पैसे मिळतात, नवी केबल बसवायला मात्र कितीतरी पट खर्च येतो. आपल्याकडे तर तांब्याशिवायही नासधूस होते. मे २०१७ मध्ये मुंबई-गोवा तेजस एक्स्प्रेस सुरू झाली. पहिल्याच फेरीनंतर हेडफोन गायब आणि काही स्क्रीन खराब केलेले! त्याच वर्षाच्या शेवटी पुण्यात भाड्याच्या सायकलींची योजना आली. त्या सायकलींचीही चोरी आणि मोडतोड झाली.

माणसं मुळात वाईट असतात का? माझा बँकेतला अनुभव सांगतो. पूर्वी काउंटरवर पेन दोरीला बांधलेलं असे. शाखेत अधिकारी झाल्यावर मी उत्साहाने दोऱ्या काढून टाकल्या. म्हटलं, ग्राहकावर विश्वास हवा. संध्याकाळपर्यंत चारही पेनं गेली! आमचे हेड कॅशियर म्हणाले, "साहेब, दोरी नको, पण पेन माणसाच्या हातून द्या." तेव्हापासून ग्राहक क्लार्ककडे पेन मागायचा आणि परत द्यायचा. पेनं टिकली. ग्राहक तेच होते, पण आता पेनाची चौकशी करणारं कोणीतरी होतं.

नंतर सर्वसाधारण सभेत ठराव करून आपण गेटजवळ स्वतंत्र मीटरचा चार्जिंग पॉइंट बसवला. दुसऱ्याच महिन्यात त्याचं झाकण तुटलं. सीसीटीव्ही पाहिला, तर आपल्याच आवारातली दोन मुलं. क्रिकेटची बॅट घेऊन. नावं घेणार नाही, दोघे इथेच बसले आहेत आणि आता हसत आहेत. खरं सांगतो, मी फार चिडलो होतो. पोलिसांत तक्रार द्या म्हणून मीच हट्ट धरला. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "त्या मुलांनी एकदा मोडलं. तुम्ही रस्त्यावरचं चार महिने बघत होतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

समितीने दोन दिवसांत झाकण बदललं. खर्च पालकांनी दिला. आणि मुलांना काम दिलं: महिनाभर रोज मीटरचं रीडिंग वहीत लिहायचं. महिना संपला तरी वही त्यांच्याकडेच आहे. परवा एका पाहुण्याने गन जमिनीवर टाकली, तर यातल्याच एकाने त्यांना थांबवून ती जागेवर लावायला सांगितली.

म्हणून माझ्या तीन विनंत्या. पहिली, मोडलेलं दिसलं की त्याच दिवशी फोटो काढून यंत्रावरच्या नंबरवर कळवा. मोडकं तसंच राहिलं की पुढच्याला वाटतं, हे कोणाचंच नाही. दुसरी, पेटी फुटून तारा उघड्या पडल्या असतील तर हात लावू नका, मुलांना लांब ठेवा, पावसात तर नक्कीच. महावितरणचा नंबर १९१२. कोणी केबल कापताना दिसला तर स्वतः अंगावर जाऊ नका, ११२ लावा. तिसरी, मुलांना कायदाही सांगा. सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा १९८४ चा आहे. सरकारी किंवा पालिकेच्या मालकीच्या वीजपुरवठ्याच्या साधनांची मोडतोड केली, तर किमान ६ महिने आणि कमाल ५ वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. मालमत्ता खाजगी असली तरीही तो गुन्हाच आहे.

आणि हो, रस्त्यावरच्या त्या पॉइंटबद्दल मी शेवटी फोन केला. तीनदा करावा लागला. पण केबल आली! आता सकाळी फिरताना तिथे दोन मिनिटं थांबतो. गाडी माझ्याकडे आजही नाही.

पन्नासाव्या वर्षी भाषणाला मी असेन-नसेन. ती वही मात्र असू द्या.