घड्याळ घराचे आणि कार्यालयाचे
(महिला मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



मुलीने शिकावे, नोकरी करावी, याविषयी आपल्या घरांत आता फारसा वाद उरलेला नाही. प्रश्न उरला आहे तो वेळेचा. सकाळचा डबा, मुलांची शाळा, सासऱ्यांचे औषधपाणी आणि ठरलेली लोकल यांचा मेळ घालता घालता कितीतरी भगिनी अखेर राजीनामा देतात. आपण म्हणतो, ‘तिने स्वखुशीने नोकरी सोडली.’ ती खुशी खरोखर तिची असते का, याचा विचार झाला पाहिजे.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. रजेनंतर घरून काम करण्याची सोय मात्र कामाचे स्वरूप आणि परस्पर संमती यांवर सोपवली आहे. म्हणजे ती हक्क नव्हे, सवलत आहे. आणि नोकरी बदलली की ती मागेच राहते.

नोकरी बदलणाऱ्या भगिनीने आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रसूतिलाभासाठी अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. भविष्यनिर्वाह निधी काढून घेण्याची घाई करू नये. तो नव्या ठिकाणी वर्ग करता येतो. त्या योजनेतील निवृत्तिवेतनासाठी १० वर्षांची सेवा लागते आणि जुनी सेवा त्यात धरली जाते.

परंतु सारा भार कायद्यावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. कार्यालयाने वेळा लवचीक कराव्यात असे म्हणताना आपल्या घरातील वेळा तशा आहेत का, हेही पाहावे. पोळ्या तिनेच लाटाव्यात, पालकसभेसाठी रजा तिनेच काढावी, पतीची बदली झाली की नोकरी तिनेच सोडावी, हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? कुटुंब हा समाजाचा आधार आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. तो आधार एकीच्याच खांद्यावर उभा राहू नये.

आज रात्री सारे एकत्र जेवायला बसाल, तेव्हा घरातील कामांची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव लिहा. एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर आरंभ कोठून करायचा, हे वेगळे सांगावे लागणार नाही.