दफ्तर आपल्या घरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर पहिला मान नाटक, संगीत आणि साहित्य यांचा. त्या पंक्तीत संगणकाचेही पान मांडण्याची अनुज्ञा कार्यकारिणीने दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पोटापाण्याचे उद्योग निरनिराळे असलेले, परंतु हौसेने प्रोग्रॅम लिहिणारे आणि आपापले सर्व्हर घरीच चालविणारे आम्ही काही सभासद महिन्यातून एका रविवारी जमतो. त्या बैठकांत काय घडते आणि त्याचा मंडळाशी काय संबंध, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम सर्व्हर या शब्दाचा उलगडा करू. आपण मोबाईलवर काढलेले छायाचित्र ‘क्लाउड’वर जाते असे म्हणतो. हा मेघ आकाशात नसतो. कोणत्या तरी कंपनीच्या इमारतीत अहोरात्र चालणाऱ्या संगणकांचे ते नाव आहे. तसाच एक लहान संगणक आपल्या घरी चालू ठेवून कुटुंबाची छायाचित्रे, कागदपत्रे व ध्वनिमुद्रणे त्यात सांभाळावयाची, याला सेल्फ-होस्टिंग म्हणतात.

या छंदाचे वय आपल्या मंडळाएवढेच आहे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली सभा भरली. जमलेले लोक आपापल्या यंत्रांच्या अडचणी एकमेकांस सांगत आणि आराखडे मोकळेपणाने वाटत. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आपल्या पहिल्या ॲपल संगणकाचे आराखडे याच क्लबात वाटले. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने छंद म्हणून लिहावयास घेतलेली लिनक्स प्रणाली जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढविली. २०१२ मध्ये इंग्लंडमधून तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’ संगणक आला, आणि घरी सर्व्हर ठेवणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले.

आमच्या बैठकीचा क्रम ठरलेला असतो. आरंभी गेल्या महिन्यात काय बिघडले याची वार्ता. कोणाचा सर्व्हर वीज गेल्याने बंद पडलेला असतो, कोणाची डिस्क उन्हाळ्याने कुरकुरू लागलेली असते. नव्या माणसाची तक्रार बहुधा एकच असते: घरातून सर्व चालते, परंतु प्रवासात आपलाच सर्व्हर सापडत नाही. याचे कारण असे की, पुष्कळ इंटरनेट पुरवठादार अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. चाळीच्या पत्त्यावर खोलीचा क्रमांक नसावा आणि पाहुणा जिन्यातच अडकावा, तशी ही गत. मग त्यावर व्हीपीएनची वाट कशी काढावी, हे जुना सभासद नव्यास शिकवितो.

त्यानंतर सुधारित आवृत्त्यांचा विचार होतो. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्याचे महत्त्व २९ मार्च २०२४ रोजी साऱ्या जगास कळले. माहिती आटोपशीर करणाऱ्या ‘एक्सझेड’ या विनामूल्य साधनाची देखभाल अनेक वर्षे मुख्यतः एकच स्वयंसेवक करीत होता. मदतनीस म्हणून आलेल्या कोणा अज्ञाताने दोनएक वर्षे त्याचा विश्वास संपादन केला आणि साधनात चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला आपल्या संगणकात प्रवेश मिळावयास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्याने चिकाटीने माग काढला आणि मोठा अनर्थ टळला. एकट्या माणसावर सारा भार टाकू नये आणि क्षुल्लक वाटणारी खोट दुर्लक्षू नये, हे दोन्ही धडे आम्ही त्यातून घेतले.

बैठकीचा शेवट परीक्षेने होतो. दर महिन्यास एका सभासदाने आपल्या राखीव प्रतीतून एक संग्रह कोऱ्या डिस्कवर पुन्हा उभा करून दाखवावयाचा. प्रत ठेवली आहे असे समजून निर्धास्त राहिलेल्या माणसाला ती उघडत नाही हे कळते, तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते.

आता मंडळाकडे वळू. आपल्या जुन्या स्मरणिकांपैकी काहींचा मजकूर युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये संगणकावर जुळविलेला आहे. तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठी वाक्याच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. आमच्यापैकी काहींनी त्याचे रूपांतर करणारा छोटा प्रोग्रॅम पायथन भाषेत लिहिण्यास घेतला आहे. काम चिवट आहे. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलट. प्रत्येक बैठकीत चार-दोन जोडाक्षरे वठणीवर येतात. तेवढ्यानेही एखाद्या दिवंगत सभासदाचा लेख पुन्हा वाचता येतो, तेव्हा श्रमाचे चीज होते.

कोणी म्हणेल, कंपन्यांच्या सेवा सुलभ आहेत, मग हा खटाटोप कशाला? त्या सेवा आम्हीही वापरतो. परंतु लक्षावधी लोकांची पाने असलेले जिओसिटीज २००९ मध्ये अमेरिकेत बंद झाले, भारतात घरोघरी पोहोचलेले ऑर्कुट २०१४ मध्ये संपले, सामान्य ग्राहकांसाठी असलेले गुगल प्लस २०१९ मध्ये मिटले. मुदतीत ज्यांनी आपले सामान हलविले नाही, त्यांच्या आठवणी बव्हंशी गेल्या. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर-केंद्रच जळाले. आग आपल्या घरासही लागू शकते. म्हणून छांदिष्टांचा नियम असा, की प्रती तीन असाव्यात, दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी.

हा विचार मराठी माणसास परका नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी पत्रे मिळविली, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. हे शक्य झाले, कारण घराघरांतून कोणी तरी रुमालात बांधलेले दफ्तर जपले होते. ज्यांचे दफ्तर वाळवीने खाल्ले, त्यांच्या पूर्वजांविषयी आज आपण मुके आहोत.

परमुलखातील मंडळास ही चिंता अधिक. आपल्यापैकी पुष्कळांच्या बदल्या होतात, मुले दूर जातात. ज्यांनी येथे पहिला गणपती बसविला, त्यांच्या आठवणी एखाद्या माजी चिटणिसाच्या मोबाईलमध्ये आहेत, आणि त्याचा परवलीचा शब्द त्याच्याबरोबर परगावी गेला आहे. हा संग्रह आज एकत्र केला नाही, तर पुढील महोत्सवाच्या स्मरणिकेत छापावयास नावेदेखील उरणार नाहीत.

म्हणून कार्यकारिणीस आमची विनंती अशी: मंडळाच्या ग्रंथालयात एक सर्व्हर ठेवावा. त्याची एक प्रत सभासदाच्या घरी व एक दुसऱ्या गावी असावी. देखभाल किमान तिघांकडे असावी, आणि परवलीचे शब्द व कृतीची टिपणे मराठीत लिहून कपाटात मोहोरबंद ठेवावीत, म्हणजे बदली झालेल्यामागून येणाऱ्याचे अडणार नाही. ज्येष्ठांनी आपल्या फिती, पत्रे व छायाचित्रे घेऊन यावे आणि छायाचित्रातील माणसांची नावे सांगावीत. ते काम कोणत्याही यंत्रास जमणारे नाही. तरुणांनी महिन्याचा एक रविवार द्यावा. चहा आम्ही करू.